तुझ्याकडे, माझ्याकडे

माझ्या थोरल्या दिरांनी मला जितकं घाबरवलं आहे, तितकं भुतांनी, वादळांनी आणि माझ्या स्वतःच्या कल्पनाशक्तीनंही घाबरवलेलं नाही. आणि हेही तितकंच खरं, की इतक्या प्रेमानं, इतक्या शिस्तीनं, आठवडा न चुकवता मला घाबरवण्याचे कष्ट दुसऱ्या कोणी घेतलेले नाहीत. शनिवारी सकाळी सहाला दुबईत, अल बर्शातल्या आमच्या घरी फोन वाजायचा. मी उचलायची. "हवा छान आहे," एवढं बोलून भाऊजी फोन ठेवून द्यायचे. ज्या वाक्यानं इतरांच्या घरी चहा बाल्कनीत नेला जातो, त्या वाक्यावर मी उठून खिडकीशी धुकं शोधायला जायची. धुळीचं वादळ असलं, धुक्यात समोरची इमारत विरघळून गेली असली, की मी मनातल्या मनात देवाचे आभार मानून पुन्हा पांघरूण ओढून घेत असे. पण हिवाळ्यात या देशातली हवा निर्दयपणे छान असते. आणि हवा छान असली की भाऊजी उडणार हे ठरलेलं, कारण माझ्या दिरांच्या मालकीचं एक विमान होतं.

विमान म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे गालिचा, गार हवा आणि ट्रेमधला संत्र्याचा रस येतो, त्यांनी ते चित्र कृपया पुसून टाकावं. भाऊजींचं विमान म्हणजे एकामागे एक अशा दोन खुर्च्या, त्यांवर काचेचं झाकण, पुढे डेऱ्यासारखं गोल इंजिन आणि दोन पात्यांचा पंखा. पूर्व युरोपातल्या कुठल्याशा हवाईदलात त्यानं वैमानिकांच्या दोन-तीन पिढ्या शिकवल्या होत्या. लढाई त्यानं कधी पाहिली नाही; नवख्या पोरांच्या चुका मुकाट्यानं सोसणं एवढंच त्याचं लष्करी कर्तृत्व. म्हणून भाऊजी त्याला 'मास्तरीण' म्हणत. मास्तरीणबाई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या होत्या आणि ते लपवण्याची खटपट त्यांनी कधीच सोडून दिली होती. फिकट हिरव्या रंगाच्या पापुद्र्याखालून जुना करडा रंग डोकावत असे. पत्र्याला हात लावावा तर तो उन्हातल्या परातीसारखा पोळायचा. आत वाकून पाहावं तर जुनं कातडं, पेट्रोल आणि करपलेलं तेल यांचा दाट वास नाकातून थेट घशात उतरायचा. पोटाखाली कायम एक ट्रे ठेवलेला असे, आणि त्यात काळ्या तेलाचा एकेक थेंब सावकाश पडत राही. पहिल्यांदा ते पाहून मी भाऊजींना बोटानं दाखवलं, तेव्हा ते समाधानानं म्हणाले, "गळतंय तोवर काळजी नाही. गळायचं थांबलं की घाबरायचं. म्हणजे संपलं."

हे वेड उतारवयात लागलेलं नव्हतं. तरुणपणी भाऊजी भारतीय हवाईदलात तंत्रज्ञ होते, एका प्रशिक्षणतळावर. नऊ वर्षं त्यांनी शिकाऊ विमानं दुरुस्त केली, दुसऱ्यांच्या मुलांना पट्टे आवळून दिले, पंखावर थाप मारून त्यांना आकाशात सोडलं, आणि स्वतः हातातलं फडकं घट्ट धरून खाली उभे राहिले. मग दुबई, मग मोठमोठ्या विमानांच्या हँगरमध्ये तीस वर्षं. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी उडण्याचा परवाना काढला, अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तरीण आणली. वहिनींनी, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, किंमत दिरहममध्ये ऐकली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचे रुपये करायचं नाकारलं. "नको," त्या म्हणाल्या, "आकडा ऐकून मी आधी पडेन, ते नंतर पडतील."

एकदा विमान घरात शिरलं की ते विमानतळावर राहत नाही. अल मनखूलमधल्या त्यांच्या जुन्या, प्रशस्त फ्लॅटच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती. बाहेर पडताना भाऊजी ती मोठ्यानं वाचत आणि वहिनींनी आतून उत्तरं द्यायची. "गॅस?" "बंद." "गीझर?" "बंद." "किल्ल्या?" "तुमच्या हातात." "पत्नी?" "चप्पल घालतेय." यातली एकही ओळ गाळलेली चालत नसे. मग खाली पार्किंगमध्ये गाडीभोवती एक पूर्ण फेरी, चारही टायरांना हात लावून, वाकून पोटाखाली पाहून. इमारतीतल्या एका वृद्ध शेजारीणबाईंना ती प्रदक्षिणा वाटली. त्यांनी भक्तिभावानं एकदा बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवलं. भाऊजींनी ते दोन बोटांत उचललं, "इथे सुटी वस्तू ठेवायची नसते," असं गंभीरपणे म्हणाले आणि फूल शर्टाच्या खिशात घातलं. ते रात्री वहिनींच्या हाती पडलं. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आणलेलं हे पहिलंच फूल, असं त्या सांगत, आणि ते आणलं कसं याची चौकशी आपण मुद्दाम केली नाही, हेही सांगत.

पण त्यांचा सर्वांत कडक नियम होता हस्तांतरणाचा. दोन खुर्च्यांच्या विमानात ते चालवायचा दांडा दोन्हीकडे असतो. त्यामुळे विमान कोणाच्या हाती आहे याबद्दल क्षणभरही शंका राहता कामा नये. देणाऱ्यानं म्हणायचं, "तुझ्याकडे." घेणाऱ्यानं म्हणायचं, "माझ्याकडे." ते शब्द कानांवर पडल्याशिवाय देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. हा नियम भाऊजी जगातल्या झाडून साऱ्या वस्तूंना लावत. गाडीची किल्ली, मिठाची बरणी, शेजाऱ्यांचं तान्हं बाळ. एका पाडव्याला आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला आलेल्या, दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत काम करणाऱ्या एका तरुणाला त्यांनी कटाच्या आमटीचं पातेलं दिलं. "तुझ्याकडे," भाऊजी म्हणाले. "थँक्यू काका," तो म्हणाला. भाऊजींनी पातेलं सोडलं नाही. "तुझ्याकडे," ते पुन्हा म्हणाले. "हो काका, घेतो ना." पातेलं सुटेना. आमटीची वाफ दोघांच्या चष्म्यांवर चढली, पोराचा तळवा लालबुंद झाला, आणि माझे यजमान पानावरून ओरडले, "अरे, 'माझ्याकडे' म्हण बाबा, नाहीतर दादा उद्यापर्यंत सोडायचा नाही!"

या नियमामागची गोष्ट ते हसत हसत सांगत. प्रशिक्षणतळावर एका सकाळी एक विमान परतताना जोंधळ्याच्या शेतात उतरलं. शिक्षक मागे, विद्यार्थी पुढे. दोघांनाही खरचटलंसुद्धा नव्हतं. ओढून आणायला गेलेल्यांत भाऊजी होते. झाकण उघडून शिक्षक म्हणाले, "इंजिन ठीक होतं, मग शेतात का उतरवलंस रे? पण उतरवलंस बाकी झकास." विद्यार्थी पांढराफटक पडला. "सर, मी कुठे? मला वाटलं, तुम्हीच..." दहा मैलांपासून त्या विमानाला कोणी हात लावला नव्हता. तिथवर भाऊजींचं हसू टिके. मग ते चष्मा काढत, पुसत, आणि म्हणत, "जोंधळा दाट होता म्हणून निभावलं. पडायला कोणाची चूक लागत नाही, कवयित्री. दोघांचा एकमेकांवर विश्वास पुरतो."

मी कविता लिहिते आणि पूर्वी एका महाविद्यालयात छंदःशास्त्र शिकवीत असे, म्हणून त्यांनी मला दिलेलं हे नाव. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे मला आजवर वेगळं करता आलेलं नाही.

वहिनी विमानतळावर कधी येत नसत. त्यांची भीती माझ्यासारखी बोलकी नव्हती. भाऊजी उडत तेव्हा त्या स्वयंपाकघरात परात घेऊन तांदूळ निवडायला बसत. इथल्या सुपरमार्केटातल्या तांदळात खडा औषधालाही सापडत नाही. तरी त्या दाणा न् दाणा बाजूला सारत. मास्तरीण आली त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला गाठलं. "तू जात जा त्यांच्याबरोबर. मी तिथे उभी राहिले तर माझं काही खरं नाही. तू बघ, आणि मला कळव. तू सांगितलंस की मला पटतं." अशा रीतीनं घराण्यातली सर्वांत भित्री बाई घराण्याची अधिकृत साक्षीदार झाली. माझं काम एका शब्दाचं. चाकं जमिनीला टेकली की फोनवर लिहायचं: उतरले. दहा हिवाळे मी तो शब्द लिहीत आले. त्याहून मन लावून मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

उम्म अल कुवैनच्या पलीकडे, खाडीतली खारफुटी आणि ओसाड वाळू यांच्या मधोमध ती छोटी धावपट्टी आहे. तिथे मास्तरीणबाईंची देखभाल करायला एक मिस्त्री होते, चिपळूणकडचे, चाळीस वर्षं आखातात काढलेले. माझा चेहरा पाहून ते दर शनिवारी धीर देत. "भाभी, टेन्शन नको. इंजिन एक नंबर आहे. अर्ध्या तासात खाली येतील, इन्शाल्ला."

"मिस्त्री, ते शेवटचं जरा गाळून सांगता का?"

"ते कसं गाळणार, भाभी? गॅरंटी आपल्या हातात कुठे आहे?" असं म्हणून ते खुशाल पाना पुसायला लागत.

आणि मग तो विधी. विमान आठवडाभर उभं राहिलं की गोल इंजिनाच्या खालच्या भागात तेल साचतं. तसंच चालू केलं तर आतला एखादा दांडा किंचित वाकतो, आणि ते वाकणं जमिनीवर कळत नाही, पुढे कधीतरी हवेत कळतं. म्हणून आधी पंख्याची पाती हातानं ओढून फिरवायची. बरोबर सोळा. हे काम भाऊजी मिस्त्रींनाही करू देत नसत. बाह्या सरसावून, वरचं पातं दोन्ही हातांनी खाली ओढत ते खणखणीत आवाजात मोजत, आणि प्रत्येक पात्याबरोबर इंजिनाच्या पोटातून एक ओला, जाडसर उसासा निघे. आठाशी ते क्षणभर थांबत, तळवे पँटला पुसत, आणि पुढची आठ मोजत. पहिल्याच दिवशी माझ्या कानांनी ओळखलं: आठ आणि आठ, सोळा मात्रा. पादाकुलकाची ओळ! मी उत्साहानं त्यांना ते समजावून सांगितलं.

"असं का," भाऊजी म्हणाले. "तुझ्या ओळीत एक मात्रा कमी पडली तर काय होतं?"

"कानाला खुपतं."

"इथे मान मोडते," ते आनंदानं म्हणाले, आणि पुढच्या खुर्चीत चढून बसले.

त्यानंतरचा अर्धा तास मी कसा काढत असे, ते सांगणं कठीण. मास्तरीण धूर ओकत, खोकत जागी होई, धावपट्टीवर मागे वाळूचा पदर उडवीत जाई आणि उचलली जाई. आवाज आधी छातीत असे, मग कानांत, मग क्षितिजाच्या कडेला नुसती एक बारीक गुणगुण. आणि मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' फार भयंकर असे. खारफुटीतून एखादा पक्षी ओरडे, हँगरच्या पत्र्याची पट्टी वाऱ्यानं खडखडे, मिस्त्री चहाचा घोट घेत. आणि मी निळ्या, कोऱ्या आकाशाच्या पानावर एका टिंबाची वाट पाहत उभी राही. टिंब दिसलं की श्वास, चाकं टेकली की दुसरा श्वास. उतरले.

गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी भाऊजी पाती मोजत होते. "आठ," हात पुसले. "नऊ, दहा, अकरा." थांबले. पात्यावर दोन्ही हात, नजर हातांवर. "अकरा," ते पुन्हा म्हणाले, जरा हळू. मग म्हणाले, "नऊ." आणि पुढे तसंच सरळ, "दहा, अकरा, बारा," सोळापर्यंत. मिस्त्री मागे पेट्रोल भरत होते. त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं ते मीच, जिचा कान आयुष्यभर मात्रा मोजण्यासाठीच कमावलेला होता. तीन पाती जास्त फिरल्यानं इंजिनाचं काही बिघडत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी घाबरले. बिघडलं होतं ते इंजिनात नव्हतं.

ते उडाले, उतरले. मी 'उतरले' असं लिहिलं. पुढच्या शनिवारी पुन्हा अकराशीच अडलं. त्याच सुमारास त्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली. डोळे उत्तम, कान उत्तम, हृदय तर डॉक्टरांनी स्वतःचं देऊन बदलून घ्यावं असं. सोळापर्यंत मोजून दाखवा, असं त्यांना कोणी म्हणालं नाही.

मग तो कप पडला. अल मनखूलच्या घरी, भर दुपारी. भाऊजींनी माझ्यापुढे चहाचा कप धरला, "तुझ्याकडे," म्हणाले, आणि मी तोंड उघडण्याआधी त्यांनी बोटं सोडली. कपाचे चार तुकडे झाले, चहा फरशीवर वाफाळत पसरला, आलं-वेलदोड्याचा वास खोलीभर झाला. इतक्या वर्षांत भाऊजींच्या हातून एकही वस्तू अशी सुटली नव्हती. "अगं, घेतलास ना?" ते माझ्याकडे आश्चर्यानं पाहत म्हणाले. वहिनी फडकं घेऊन आल्या. निघताना दाराशी त्यांनी माझं मनगट धरलं. "तिकडे सगळं ठीक असतं ना गं? खरं सांग."

"ठीक असतं, वहिनी."

हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सफाईदार खोटेपणा. त्या माणसाच्या शनिवारवर हात टाकायचा मला धीर झाला नाही. उडणं काढून घेतलं तर मागे उरणारे भाऊजी कोण असतील, हे मला दिसत होतं. आणि नाही काढून घेतलं तर काय दिसेल, तेही. या दोन भीतींच्या मध्ये मी तीन आठवडे झोपले, उठले, जेवले.

चौथ्या शनिवारी सोळावं पातं ओढून भाऊजी माझ्याकडे वळले. "कवयित्री, दहा वर्षं खाली उभी आहेस. आज चल."

मी विमानाच्या सावलीतही घाबरत पाय ठेवणारी बाई. पण त्या क्षणी मला वाटलं, वर जर त्यांचं काही विसरलं, तर निदान मोजायला कोणीतरी असेल. याहून हास्यास्पद विचार कोणत्याही वैमानिकाच्या मदतनिसानं केला नसेल. मी "हो" म्हणाले. मिस्त्रींच्या हातातला पाना पडला. "भाभी? तुम्ही?" मग त्यांनी माझे पट्टे इतके आवळले की श्वास अर्धाच आत जाऊ लागला. मागची खुर्ची शिक्षकाची. जिला अजून सायकल धड येत नाही, ती मी त्या दिवशी मास्तरीणबाईंच्या शिक्षकाच्या जागी बसले. भाऊजींनी बजावलं, "वर गेल्यावर मी म्हणेन, 'तुझ्याकडे.' वाटलं तर 'माझ्याकडे' म्हण आणि दांडा नुसता धर. नाही वाटलं तर गप्प बस. तू म्हटल्याशिवाय मी सोडणार नाही, हे तुला माहीतच आहे."

जमीन सुटली तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तर खाली खाडी हिरव्या काचेसारखी, तिच्यात खारफुटीच्या काळसर नसा, उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ, आणि पलीकडे वाळू, वाऱ्यानं ओळी आखून ठेवलेली. तापलेल्या तेलाचा वास, पाठीच्या कण्यातून चढणारी इंजिनाची थरथर, काचेवर पाणी ओतल्यासारखं ऊन. क्षणभर, कबूल करते, मी भ्यायचं विसरले. दहा वर्षं हा माणूस इथे काय शोधायला येत होता, ते माझ्या अंगाला कळलं.

कानांवरच्या यंत्रात त्यांचा आवाज आला. "तुझ्याकडे."

मी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या होत्या. त्या सोडणं शक्य नव्हतं. मी गप्प राहिले. आणि माझ्या डोळ्यांदेखत, पुढच्या खुर्चीतून भाऊजींचे दोन्ही हात वर आले. मोकळे, तळवे उघडे, 'बघ, मी धरलेलं नाही' असं सांगणारे. ते तसेच काचेजवळ, उन्हात, निवांत थांबले.

आधी काहीच झालं नाही. विमान शहाण्यासारखं सरळ चालत राहिलं. मग उजवा पंख, झोप येणाऱ्या मुलाची मान कलावी तसा, हळूच खाली गेला. नाक त्याच्या मागोमाग. समोरचं निळं वर सरकलं आणि त्याच्या जागी वाळू चढू लागली. वाऱ्याचा सूर बारीक, उंच होत गेला. माझ्या डोक्यात आपोआप मोजणी सुरू झाली होती. सात, आठ, नऊ. ते हात अजून वरच. दहा. अकरा.

"भाऊजी!" मी किंचाळले. "माझ्याकडे नाहीये! भाऊजी, माझ्याकडे नाहीये!"

"अं?" आणि मग, दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात, "माझ्याकडे. माझ्याकडे. माझ्याकडे." हात खाली गेले. वाळू खाली गेली. निळं जागेवर आलं. परतीच्या वाटेवर ते तीनदा, मी विचारलेलं नसताना, म्हणाले, "माझ्याकडे."

उतरले ते मात्र अलगद, पाण्यावर पान टेकावं तसं. इंजिन थांबलं. तापलेला पत्रा टिकटिकत राहिला. मिस्त्री झाकण उघडायला आले, पण आमच्याकडे पाहून दोन पावलं मागे सरले.

"तू 'माझ्याकडे' म्हणाली होतीस," भाऊजी समोर पाहत म्हणाले.

"नाही, भाऊजी."

"मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं."

"मी काही बोललेच नाही. माझ्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता."

त्यांच्या मानेवर घामाची एक बारीक धार उतरत होती. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"अकरापासून," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. म्हणजे तो आकडा त्यांनाही ठाऊक होता. मग त्यांनी एकेक करून सगळी बटणं बंद केली, प्रत्येकाचं नाव घेत, घाई न करता. चावी काढली आणि खांद्यावरून मागे, माझ्या दिशेनं धरली.

"तुझ्याकडे."

मी पुढे वाकून तिचं दुसरं टोक धरलं. "माझ्याकडे," मी म्हणाले. तेव्हा त्यांनी सोडली. "मिस्त्री," ते खाली उतरत म्हणाले, "यल्ला, चला, आत ढकला हिला. खलास." आणि पंखावर एक थाप मारली, जशी ते पूर्वी दुसऱ्यांच्या मुलांना सोडताना मारत.

मी फोनवर 'उतरले' लिहिलं. नेहमी त्यावर वहिनींकडून जोडलेल्या हातांचं चित्र यायचं. त्या दिवशी काही आलं नाही. आम्ही अल मनखूलला पोहोचलो तेव्हा परात ओट्यावर होती आणि तांदूळ निवडून संपला होता. भाऊजी थेट आतल्या खोलीत गेले. मी वहिनींना सगळं सांगितलं. अकराचंही, माझ्या खोट्याचंही.

"मला कपाच्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्याही आधी. दाराशी यादी वाचताना हल्ली ते गीझर दोनदा विचारतात. पण मला वाटलं, तू तिथे असतेस, तू बघतेस. थांबवायची वेळ आली की तू थांबवशील."

"आणि मला वाटलं, तुम्ही घरात आहात, तुम्ही थांबवाल."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. किती आठवडे आम्ही एकाच विमानात बसलो होतो, आणि दांड्याला हात कोणाचाच नव्हता. वहिनींनी मुठीतले तांदूळ परातीत सोडले. "यापुढे बोलायचं हं," त्या हळूच म्हणाल्या. "मोठ्यानं."

मास्तरीण आता एका तरुण वैमानिक मुलीनं घेतली आहे. ती विमान त्याच हँगरमध्ये ठेवते, आणि पाती फिरवायला भाऊजीच हवेत असा तिचा हट्ट आहे. तो तिचा चांगुलपणा आहे हे आम्हा सगळ्यांना कळतं, भाऊजींनाही. शनिवारी सकाळी सहाला फोन अजून वाजतो, हवेची बातमी अजून येते; धुक्याच्या दिवशीही कधीकधी येते. आता वहिनीही डबा घेऊन सोबत असतात. भाऊजी बाह्या सरसावून पात्यापाशी उभे राहतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, "मोजणी तुझ्याकडे." मी म्हणते, "माझ्याकडे." मग ते ओढतात, मी मोजते, आठाशी ते हात पुसतात, आणि अकरा कधी आला, कधी गेला, हे त्यांना कळू नये इतक्या सहज मी तो आकडा उच्चारते.

ती मुलगी उडून गेली की आम्ही हँगरच्या सावलीत बसतो. मी अजूनही आकाशाकडे पाहते. माझी भीती तिथून हललेली नाही, फक्त थोडी खाली, आमच्या शेजारी येऊन बसली आहे. वहिनी थर्मासमधून चहा ओततात आणि भाऊजी तो मला देतात. "तुझ्याकडे." "माझ्याकडे," मी लगेच म्हणते, अगदी स्पष्ट, अगदी मोठ्यानं. पण हल्ली कधीकधी, मी म्हटल्यावरही, त्यांची बोटं सुटत नाहीत. पुढचं काय असतं, ते त्यांना आठवत नसावं. ते माझ्याकडे पाहत राहतात, कप दोघांच्या हातांत तसाच राहतो, आणि मी घाई करत नाही.